लीग जोखायची तर तळापासून

युरोपात आइस हॉकीची एकच एक मोठी लीग नाही. उत्तर अमेरिकेत एनएचएल शिखरावर आणि बाकी सगळं तिच्या पायथ्याशी, हे कुणीही मान्य करतं. युरोपात स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, चेकिया अशी प्रत्येकाची स्वतःची लीग, स्वतःचे नियम आणि स्वतःचा अभिमान. मग यातली सर्वांत चांगली कोणती, हा वाद कधी मिटत नाही. पुढचा संवाद एका मामा-भाचीमधला आहे. मामा बरीच वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला स्थायिक, फ्रोलुंडा क्लबचा सभासद. भाची झुरिकमध्ये नोकरीला, झेडएससी लायन्सचे सामने पाहणारी. दोघंही या खेळावर मनापासून प्रेम करतात आणि म्हणूनच एकमेकांना सहजासहजी सोडत नाहीत.

भाची : मामा, स्वीडनची एसएचएल सर्वांत वरची, हे तू चॅम्पियन्स हॉकी लीगच्या जोरावर म्हणतोस ना? मग ऐक. 2024 साली जिनिव्हाने अंतिम सामन्यात शेलेफ्तेओला हरवलं. 2025 साली झुरिकने फार्येस्टाडला हरवलं. लागोपाठ दोन वर्षं स्विस संघ युरोपचा विजेता आणि दोन्ही वेळा समोर स्वीडिश संघ.

मामा : तू दोन वर्षांचं सांगतेस, मी सुरुवातीपासूनचं सांगतो. ही स्पर्धा 2014-15 च्या हंगामात सुरू झाली. पहिलं विजेतेपद लुलेओचं. मग 2016, 2017, 2019 आणि 2020 अशी चार फ्रोलुंडाची, 2022 चं रोग्लेचं. 2025 पर्यंत दहा विजेते ठरले, त्यांतले सहा स्वीडनचे, दोन फिनलंडचे, दोन तुमचे. जर्मनी, चेकिया आणि ऑस्ट्रिया यांच्या खात्यात अजून एकही नाही. आणि तू सांगितलेल्या दोन्ही अंतिम फेऱ्यांत वेगवेगळे स्वीडिश संघ होते, हेही बघ. एक बलाढ्य क्लब सगळं ओढून नेतोय असं नाही.

भाची : पण त्या स्पर्धेने नेमकं काय मोजलं जातं? साखळी सामने हंगामाच्या तोंडावर होतात. संघ अजून जुळलेला नसतो, नवे परदेशी खेळाडू नुकते उतरलेले असतात. पुढे अंतिम फेरीत एकच सामना. एका रात्री गोलरक्षक भिंतीसारखा उभा राहिला की निकाल ठरला. आणि हे सगळं देशोदेशीच्या वरच्या तीन-चार संघांबद्दल झालं. चौदा संघांची लीग कशी आहे, ते त्यातून कसं कळणार?

मामा : हे मला मान्य आहे. म्हणूनच मी लीग खालून वर बघतो. विजेता कोण झाला यापेक्षा शेवटी आलेल्या संघाचं काय होतं, ते विचार. एसएचएलमध्ये चौदा संघ, प्रत्येकाचे 52 सामने. तेराव्या आणि चौदाव्या क्रमांकाचे संघ एकमेकांशी सातपैकी चार विजयांची मालिका खेळतात. हरणारा थेट खाली, हॉकीआल्स्वेन्स्कनमध्ये. तिथला विजेता वर. आपल्याकडे आयपीएलमध्ये तळाला आलेला संघ पुढच्या वर्षी तिथेच असतो. इथे नाव कितीही मोठं असलं तरी सुटका नाही. यूरगोर्डनची स्वीडनमध्ये सर्वाधिक, 16 विजेतेपदं. 2022 साली तेही खाली गेले.

भाची : आणि याचा तुला अभिमान वाटतो? एका वाईट हंगामासाठी इतकी मोठी शिक्षा?

मामा : ती शिक्षा नाही, जबाबदारी आहे. येव्लेच्या ब्रीनेसचं उदाहरण घे. 1960 पासून हा संघ सलग वरच्या लीगमध्ये होता. 2023 साली तो घसरला. गावात सुतक असावं तसं वातावरण होतं. पण एका वर्षात ते परत आले आणि 2025 साली थेट अंतिम फेरीत, लुलेओसमोर. हरले, पण पोहोचले. खाली जाऊन त्यांनी खेळाडू, प्रशिक्षक, कारभार, सगळं उलटून पाहिलं. बंद लीगमध्ये ब्रीनेस आणखी दहा वर्षं बाराव्या-तेराव्या जागेवर रेंगाळला असता आणि कुणी जाब विचारला नसता.

भाची : ब्रीनेस परतला. मोडोचं काय? ओर्नशोल्ड्सविकसारख्या छोट्या गावाने पीटर फोर्सबर्ग दिला, सेदिन जुळे भाऊ दिले, व्हिक्टर हेडमन दिला. हा क्लब 2016 साली घसरला तो 2023 साली वर आला आणि 2025 साली पुन्हा खाली. सात वर्षं दुसऱ्या स्तरावर! ज्या कारखान्यातून असे खेळाडू निघतात, त्याला टाळं लावायची पाळी आणणारी व्यवस्था चांगली कशी?

मामा : टाळं कुणीच लावलं नाही. मोडोची मुलांची शाखा चालूच राहिली.

भाची : चालू राहणं आणि बहरणं यांत फरक आहे. घसरणीची टांगती तलवार असेल तर प्रशिक्षक काय करतो? जानेवारीत संघ तेराव्या जागेवर असेल तर तो 18 वर्षांच्या मुलाला बर्फावर उतरवेल, की तिशीपार गेलेला अनुभवी बचावपटू कुठून तरी घाईघाईने आणेल? भीती असली की माणूस उद्याचा विचार सोडून आजचे गुण वेचायला लागतो.

मामा : असं सरसकट नसतं. रासमुस दालिन 16 वर्षांचा असताना फ्रोलुंडाकडून वरच्या लीगमध्ये खेळला. 2018 साली एनएचएलच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने गेला.

भाची : फ्रोलुंडाकडून! त्या क्लबला घसरणीची भीती कुठे आहे? तुझं उदाहरण माझीच बाजू मांडतंय. ज्याच्या डोक्यावर तलवार नाही, तोच पोरांना संधी देतो.

मामा : बरं, हा मुद्दा तुझा. पण मग बंद दारांची लीग कशी चालते, तेही सांग. जर्मनीचं सांग.

भाची : सांगते. डीईएल 1994 साली जुन्या बुंडेसलीगाच्या जागी आली. कल्पना होती ती परवानाधारक क्लबांची, एका व्यवसायासारखी चालणारी लीग. मधली बरीच वर्षं तिथे चढ-उतार नव्हताच. त्याच काळात, 2018 साली प्योंगचांगच्या ऑलिम्पिकमध्ये जर्मनी अंतिम फेरीत पोहोचला. एनएचएलचे खेळाडू त्या स्पर्धेत नव्हते, म्हणजे तो संघ याच लीगने घडवलेला होता. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा रशियन खेळाडूंविरुद्ध ते 3-2 ने पुढे होते. बरोबरी झाली, जादा वेळेत हरले. पण रुपेरी पदक मिळालं. पुढे मॉरित्स सायडर आणि टिम श्टुट्सले हे मानहाइमकडून खेळून एनएचएलमध्ये गेले. शिवाय 23 वर्षांखालच्या जर्मन खेळाडूंना संघात घेण्याची सक्ती. बंद दारांआडही मुलं घडवता येतात, लीगने तसं ठरवावं लागतं.

मामा : आणि त्याच बंद दारांआड हॅम्बुर्ग फ्रीझर्स संपले, ते नाही सांगितलंस. 2016 साली मालक आन्शुट्स समूहाने हात काढून घेतला. हाच समूह बर्लिनच्या आइसबेरेनचाही मालक. कर्णधार क्रिस्टोफ शुबर्टने पैसे उभे करायची मोहीम काढली, चाहत्यांनी खिसे रिकामे केले. क्लब वाचला नाही. तो तळाला होता म्हणून गेला नाही. हिशेबाच्या वहीत बसत नव्हता म्हणून गेला. मैदानावर हरून खाली जाणारा क्लब परत येऊ शकतो. मालकाने बंद केलेला क्लब कुठून परत येणार?

भाची : हॅम्बुर्गचं दुःख खरंच आहे. पण त्यांच्या रिकाम्या जागेवर कोण आलं? ब्रेमरहाफेन. लाखभर वस्तीचं बंदराचं शहर, दुसऱ्या स्तरावरचा क्लब. 2023-24 च्या हंगामात साखळी फेरीत हाच संघ पहिला आला आणि अंतिम फेरीत बर्लिनला भिडला. घसरणीच्या भीतीने पैसा उधळायची गरज पडली नाही. वर्षानुवर्षं शांतपणे संघ बांधला. म्हणून मी म्हणते, स्थैर्य असेल तर छोटा क्लबही मोठा होतो.

मामा : पण ती जागा मोकळी व्हावी म्हणून एका शहराला आपला क्लब गमवावा लागला! ब्रेमरहाफेनला स्वतःच्या बळावर वर येण्याचा रस्ताच नव्हता. आणि जर्मनीलाही शेवटी हे पटलंच ना? 2021-22 पासून त्यांनी चढ-उतार पुन्हा आणला.

भाची : आणला, आणि पुढे काय झालं ते बघ. 2023 साली आउग्सबर्ग घसरणीच्या जागेवर संपला. पण दुसऱ्या स्तराचा विजेता राफेन्सबर्गने वर यायला अर्जच केलेला नव्हता. आउग्सबर्ग वाचला. 2024 साली तो चक्क शेवटी आला. या वेळी विजेता रेगेन्सबर्ग, त्यांचाही अर्ज नाही. आउग्सबर्ग पुन्हा वाचला. तुझी ती प्रसिद्ध जबाबदारी कागदावर होती आणि बर्फावर कुणालाच नको होती. वर यायचं म्हणजे स्टेडियमच्या अटी, आर्थिक हमी, मोठ्या पगारांची तयारी. खालच्या क्लबांनी हिशेब केला आणि ठरवलं, आपण इथेच बरे.

मामा : नुसता दरवाजा उघडा ठेवून भागत नाही, हे तू फार चांगलं दाखवलंस. पण त्यातून निघणारा अर्थ तुझ्या विरुद्ध जातो. रेगेन्सबर्गला वर यायचं नव्हतं, कारण वरच्या आणि खालच्या स्तरामध्ये दरी पडली होती. ती दरी बंद लीगनेच तयार केली. इतकी वर्षं दूरचित्रवाणीचा पैसा, प्रायोजक, नवी स्टेडियमं, सगळं वरच्या क्लबांत साठत गेलं. मग अचानक शिडी लावली आणि कुणी चढेना. तरी 2025 साली ड्युसेलडॉर्फसारखा जुना क्लब घसरला आणि ड्रेस्डेन वर आला. हळूहळू शिडीवर पावलं पडतायत. स्वीडनमध्ये दुसऱ्या स्तरालाही चौदा संघ, 52 सामने, पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू. म्हणून ब्रीनेस खाली पडला तरी त्याचा चुराडा झाला नाही. त्याच्या पायाखाली जमीन होती.

भाची : मग या कसोटीवर स्वित्झर्लंडला कुठे ठेवशील?

मामा : तूच सांग, तू तिथली.

भाची : प्रामाणिकपणे सांगते, दुसरा स्तर हीच आमची दुखरी बाजू आहे. नॅशनल लीगमध्ये 2022 पासून चौदा संघ आहेत. तळाचे दोन आपसात खेळतात, त्यातला हरणारा खालच्या लीगच्या विजेत्याशी खेळतो, तेही तो विजेता वर यायला पात्र असेल तर. खालची लीग आटलीय. आझ्वासारखा क्लब पुन्हा पुन्हा तळाला राहूनही टिकून आहे. यात तुझं बरोबर. पण वरच्या लीगकडे बघ. बर्नच्या स्टेडियममध्ये सुमारे 17 हजार माणसं मावतात, त्यांतली निम्म्याहून जास्त उभी. एका बाजूला नुसता उतार, त्यावर खांद्याला खांदा लावून माणसं, अख्खा सामना गाणी. पक त्यांच्या बाजूच्या गोलकडे सरकला की हजारो शरीरं एकदम पुढे झुकतात, आणि गोल झाला की वरच्या पायरीवरचा माणूस चार पायऱ्या खाली कुणाच्या तरी मिठीत सापडतो. कितीतरी वर्षं युरोपात सर्वाधिक सरासरी प्रेक्षक याच क्लबचे होते.

मामा : प्रेक्षकांबद्दल वाद नाही. मी विचारतो ते पगारांबद्दल. सरासरी दर्जाच्या स्विस खेळाडूला तुमच्याकडे जेवढा पैसा मिळतो, तेवढा चांगल्या स्वीडिश खेळाडूला घरी मिळत नाही. कारण परदेशी खेळाडूंवर मर्यादा आणि देशी खेळाडू मोजके. बाजार कोंडला की भाव चढतो. त्याला दर्जा म्हणायचं का?

भाची : भाव चढतो, खरंय. म्हणूनच 2022 साली परदेशी खेळाडूंची मर्यादा चारवरून सहावर नेली. पण त्याच कोंडलेल्या बाजाराने काय दिलं तेही मोज. स्विस खेळाडूला घरीच चांगला संसार चालवता येतो, तो पंचविशीत खेळ सोडून दुसरी नोकरी शोधत नाही. रोमान योसी बर्नमध्ये घडला आणि 2020 साली एनएचएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. देशाने 2013, 2018, 2024 आणि 2025 साली जागतिक स्पर्धेत रुपेरी पदक मिळवलं. 2025 चा अंतिम सामना अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत एका गोलने गेला. आमच्या लहानपणी कुणी स्वित्झर्लंडला या रांगेत धरलं असतं का?

मामा : नसतं धरलं. पण पैशाने खेळाडू टिकतात, हे एवढं सोपं असतं तर फिनलंडचं कसं झालं? साडेपाच दशलक्षांचा देश. तिथल्या लीगमध्ये स्वित्झर्लंडएवढा पगार नाही, उत्तम खेळाडू तुमच्याकडे किंवा आमच्याकडे निघून जातात. तरी 2019 आणि 2022 साली जगज्जेते, आणि 2022 लाच बीजिंगमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण.

भाची : म्हणजे लीगचा दर्जा आणि देशाचा दर्जा या दोन गोष्टी आहेत, हे तू मान्य करतोस.

मामा : करतो. आणि फिनलंडकडूनच दुसरा धडाही घ्यायला हवा. हेलसिंकीचं योकेरित, सहा वेळा फिनलंडचा विजेता. 2014 साली त्यांनी देशाची लीग सोडली आणि रशियातल्या केएचएलमध्ये गेले. तिथे पैसा होता, मोठी नावं होती. केएचएलचा खेळाचा दर्जा त्या वेळी एनएचएलच्या खालोखाल धरला जायचा. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि योकेरितला त्या लीगमधून बाहेर पडावं लागलं. घरी परतले तेव्हा घर जागेवर नव्हतं. 2023 साली दुसऱ्या स्तरावरच्या मेस्टिसपासून सुरुवात. केएचएलमध्ये खेळ भारी होता, पण ती लीग कुणाच्या मर्जीवर उभी आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

भाची : मर्जीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो फक्त रशियापुरता नाही. म्युनिकचा संघ रेड बुलचा, बर्लिन आन्शुट्सचं, त्रिनेत्स तिथल्या पोलाद कारखान्याच्या आधारावर.

मामा : त्रिनेत्सची गोष्ट जरा निराळी. जेमतेम 35 हजार वस्तीचं गाव. 2019 ते 2024 या काळात चेकियाची जेवढी विजेतेपदं ठरली ती सगळी त्यांची; 2020 साली महामारीमुळे हंगामच पुरा झाला नाही. कारखाना तिथलाच, कामगार तिथलेच, प्रेक्षकही तिथलेच. त्या मालकाला गाव सोडून जाता येत नाही. हॅम्बुर्गच्या मालकाला जाता आलं.

भाची : आणि स्वीडनमध्ये?

मामा : स्वीडनमध्ये मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच ठेवायचा नियम आहे. धनवान माणूस पैसा घालू शकतो, क्लब विकत घेऊन दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. वार्षिक सभेत ताळेबंद समोर ठेवतात, शाळेतला शिक्षक उठून विचारतो की प्रशिक्षकाला मधेच काढलं त्याची भरपाई कुणाच्या खिशातून गेली, आणि अध्यक्षाला उत्तर द्यावं लागतं. मला ही गोष्ट चषकाइतकीच मोलाची वाटते.

भाची : मी आम्ब्री-पिओत्ताला गेले होते तेव्हा असंच काहीसं वाटलं होतं. गॉटहार्डच्या दक्षिणेची अरुंद दरी, काहीशे लोकांचं गाव. जुनं स्टेडियम हिमकडा कोसळण्याच्या टापूत होतं, म्हणून 2021 साली जुन्या धावपट्टीशेजारी नवं बांधलं. मारिओ बोत्ताने आराखडा केला. पावणेसात हजार माणसं मावतात, म्हणजे गावाच्या कितीतरी पट. जिंकल्यावर सगळे मिळून 'ला मोंतानारा' गातात. एकदाही विजेतेपद नाही, तरी 1985 पासून हा क्लब वरच्या लीगमध्ये टिकून आहे. तिथे उभं राहिलं की पटतं, हा क्लब कुणा एकाच्या मर्जीवर चालत नाही. आणि हेही पटतं की हा क्लब एकदा खाली गेला तर त्या दरीत त्याला परत वर ओढणारा पैसा नाही. म्हणून मला घसरणीची भीती वाटते, मामा. तुझ्यासारखी ती मला नुसती शिस्त वाटत नाही.

मामा : आमचं लेक्सांडही तसंच. सहा हजार वस्तीचं गाव, साडेसात हजारांहून मोठं स्टेडियम. ते 2017 साली खाली गेले आणि 2019 साली परत आले. गाव तेवढंच, प्रेम तेवढंच. त्यांना परत येता आलं, कारण खालची लीग जिवंत होती. म्हणून आम्ब्रीला वाचवायचं असेल तर दार बंद करू नका, खालचा मजला दुरुस्त करा.

भाची : आधी मजला दुरुस्त करा, मग दार उघडा. क्रम माझा बरोबर आहे. जर्मनीने उलट केलं आणि दोन वर्षं शिडी रिकामी राहिली.

मामा : आणि क्रमाची वाट बघत बसलं तर दुरुस्ती कधीच होत नाही. वरच्या क्लबांना खालच्या मजल्याची गरज भासावी लागते, आणि आपणही तिथे जाऊ शकतो हे कळल्याशिवाय ती भासत नाही.

भाची : म्हणजे कसोटीवर आपलं जमलं, औषधावर नाही. पण तुझी कसोटी अपुरी आहे. शेवटी आलेल्या संघाचं काय होतं, एवढंच विचारून चालणार नाही. घसरलेला क्लब दोन-तीन वर्षांत स्वतःच्या पायावर परत येऊ शकतो का, आणि खालून आलेला क्लब वर पाच वर्षं टिकू शकतो का, हे दोन्ही विचारायला हवं. पहिल्या प्रश्नात स्वीडन जिंकतो. दुसऱ्यात ब्रेमरहाफेन तुझ्या मोडोला मागे टाकतो.

मामा : दुसरा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता, पण तो हवाच. तरी ब्रेमरहाफेनला आत यायला हॅम्बुर्ग मरावं लागलं, हे मी पुन्हा सांगणार.

भाची : सांग. आणि तू एसएचएलला पहिला क्रमांक देशील, तेव्हा मीही सांगणार की मोडोत वाढणाऱ्या पोराला सात वर्षं दुसऱ्या स्तराची हॉकी बघावी लागली. ज्या लीगला या दोन्ही शहरांना उत्तर देता येईल, तिला आपण दोघं मिळून सर्वोत्तम म्हणू. ती लीग आज युरोपात नाही.